जंतूंच्या बाजूचा माणूस

गावभरच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी आमच्या हौदात येतं. हौदातले जंतू घाण खातात, मी त्यांना पंपानं हवा देतो आणि साफ झालेलं पाणी नदीत सोडतो. खाली नदीत मामाची जाळी असतात. त्याचं घर त्या माशांवर चालतं. कुणी विचारलं तर आई माझ्याबद्दल ‘पाणीखात्यात आहे’ एवढंच सांगते. कुठलं पाणी, ते सांगत नाही.

यंदा नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंनी गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरवलं. घरोघर जंतुनाशकाची फुकट बाटली. शनिवारी सकाळी भोंगा वाजला की सगळ्यांनी एकदम मोरीत ओतायची.

मी बाईंकडे गेलो. सोबत आमच्या हौदाचे इंजिनिअरसाहेब होते.

“बाई, एवढं औषध एकदम आलं तर जंतू मरतील.”

“मरायलाच हवेत. पोस्टर वाचलं नाहीस?”

“हे आपले जंतू आहेत.”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. “खरं आहे,” साहेब म्हणाले. “हे मेले तर घाण थेट नदीत जाईल.”

बाईंना पटलं. तिथंच सगळं बिघडलं. न पटलेल्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

“मग गाडीवरून काय ओरडू? नागरिकहो, जंतूंना जपा? पुढच्या निवडणुकीत मला जंतू मत देणार आहेत का?”

“थोडं थोडं ओता, म्हणा.”

“बाटल्या वाटून झाल्या रे. चहा घेणार?”

आम्ही चहा घेतला.

शनिवारी आई बाटली घेऊन मोरीपाशी उभी.

“आई, तू तरी नको.”

“शेजारच्या काकू बघतायत. त्यांनी दोन आणल्यात.”

“माझे जंतू मरतील गं.”

“हळू बोल, लोक काय म्हणतील!”

“बरं, अर्धी तरी ठेव.”

भोंगा वाजला. आईनं अर्धी बाटली ओतली, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेली अगदी सावकाश ओतली. माझ्यासाठी तिला एवढंच करता येण्यासारखं होतं.

दुपारपर्यंत हौदाला दवाखान्याचा वास यायला लागला. साहेबांनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिले.

“कुणी हलत नाहीये,” ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.

मी नदीकडचं दार बंद करायला धावलो.

“बंद करशील तर सगळं उलटं घराघरात चढेल,” साहेब मागून म्हणाले. तरी मी दाराचं चाक धरून बघितलं. मग सोडलं.

मामाला फोन लावला.

“मामा, जाळी काढून घे.”

“का रे, पूर येतोय?”

“स्वच्छता येतेय.”

त्याला हसू आलं. मला आलं नाही म्हटल्यावर त्याचंही थांबलं.

“किती दिवस?”

“शेजारच्या गावातून जंतू आणायचे, वाढवायचे. महिना तरी.”

“बरं. जाळी काढतो.” मग म्हणाला, “आणि मासे?”

मी नदीकडच्या दाराकडे बघितलं.

“तू तिथंच असतोस ना रे?” मामानं विचारलं. रागानं नाही, नुसतंच. “मग जरा थांबव की.”

“हो,” मी म्हणालो. दार उघडंच होतं. पाणी चाललं होतं.