डबीचा एक नंबर, मशीनचा दुसरा

धाकट्याने रुमालाची गाठ सोडली आणि बाबांचे सोन्याचे खिशातले घड्याळ काउंटरच्या काचेवर ठेवले. ताईने ते लगेच उचलले नाही. शेवटच्या आजारात बाबांनी ते स्वतःच्या हाताने धाकट्याच्या तळहातावर ठेवले होते, आणि त्या वेळी ती त्यांच्या उशाशी औषधाचा चमचा पुसत बसली होती. तो चमचा अजून तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"किंमत काढून दे," धाकटा म्हणाला. "विकायचंय. चावी द्यायचंही माझ्या लक्षात राहत नाही. बाहेर दाखवलं तर लोक फसवतात. तू घरची."

"घरची म्हणजे फुकटची."

"तसं समज."

बाबांच्या मागे दुकान तीच चालवत होती. जुन्या घड्याळांची पारख करून घ्यायला लांबलांबची माणसे तिच्याकडे येत. हे एकच घड्याळ मात्र तिने आतून कधी पाहिले नव्हते. तेल घालायचे झाले तरी बाबा ते स्वतः उघडत, आणि तेही तिच्याकडे पाठ करून. हाताखाली तयार केलेल्या पोरीपासून लपवायचे आणि ज्याला चावी द्यायची आठवण राहत नाही त्याला देऊन टाकायचे, हे तिला आजवर गिळता आले नव्हते.

तिने डोळ्याला भिंग लावले. घड्याळ हलक्या प्रतीचे निघावे, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा चांगली नाही हेही तिला कळत होते.

मागच्या झाकणाच्या आतली सोन्याच्या कसाची छाप खरी होती. कसोटीच्या दगडावर तिने घड्याळाच्या डबीची कड ओढली, रेघेवर आम्लाचा थेंब सोडला. रेघ तसूभरही फिकी पडली नाही. सोने अस्सल होते. ताईचे तोंड कडू झाले. पण नुसत्या छापेवर हुरळायचे नाही, डबीचा नंबर आणि मशीनचा नंबर ताडून बघायचे, ही बाबांचीच शिकवण. तिने आतले दुसरे झाकण उघडले आणि नंबर वाचले. पुन्हा वाचले. दोन्ही वेगळे होते.

तिच्या जिवाला अगदी थंडावा मिळाला.

"एकाची डबी, दुसऱ्याचं मशीन," ती नको तितक्या गोड आवाजात म्हणाली. "मशीन साधंच आहे. शौकीन माणूस याला हात लावणार नाही. सोनं भरेल तेवढीच किंमत."

धाकट्याचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबांना कुणीतरी गंडवलं?"

"बाबांना कोण गंडवणार," ती सवयीने बोलून गेली, आणि तिथेच अडखळली. खरेच, बाबांना कोण गंडवणार होते?

"मग डबी वितळवून टाकू," धाकटा म्हणाला. "मशीन तुला ठेव. तुझ्याकडे असलं भंगार चिकार आहे, त्यात आणखी एक."

मशीन काढायला तिने स्क्रू ड्रायव्हर उचलला. मशीन बसावे म्हणून डबीची आतली कड कानशीने घासली होती, आणि ती सफाई बाबांच्याच हाताची होती. तिने घड्याळ उजेडाकडे कलते केले. मशीनच्या पितळी पट्टीवर नखाएवढा वाकडा ओरखडा होता.

तो ओरखडा तिचा होता. शाळकरी वयात तिने पहिल्यांदा सुटे करून पुन्हा जोडलेले हेच मशीन. शेवटच्या स्क्रूला हात घसरला आणि ती रडली होती. घासून काढू का, असे तिने विचारल्यावर बाबा म्हणाले होते, राहू दे. पुढे ते मशीन भंगारात गेले असेच ती धरून चालली होती. आणि बाबा ते सोन्यात बसवून छातीशी बाळगत होते.

गप्प बसली असती तर मशीन आपसूक तिच्या घरात आले असते. पण धाकट्याला कळलेच नाही तर त्या मिळण्यात गोडी कसली? तिला राहवले नाही.

"हे मी जोडलेलं मशीन आहे," ती म्हणाली. "बाबा जन्मभर माझ्या मशीनला चावी देत होते. तुला मिळाली ती नुसती डबी."

ओरखड्याची गोष्ट तिने त्याला चवीने, काहीही न गाळता सांगितली. धाकटा ऐकत राहिला. त्याचे लक्ष काउंटरमागच्या तिच्या स्टुलाकडे होते.

"मला त्यावर कधी बसू दिलं नाही त्यांनी," तो शेवटी म्हणाला. "हात थरथरतो म्हणायचे. तुम्ही दोघं तिथे डोकी एकमेकांना लावून बसायचात आणि मी दारात उभा. घड्याळ दिलं तेव्हा वाटलं, चला, एक तरी गोष्ट नुसती माझी. त्यातही तूच."

त्याने हात पुढे केला, घड्याळ उचलले आणि झाकण मिटले.

"विकायचं होतं ना?"

"आता मुळीच नाही."

"अरे, मशीन माझं आहे."

"काढून घे की मग. डबी फोडून."

ताईने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. गोष्ट सांगितली नसती तर मशीन एव्हाना तिच्या चिमट्यात असते. धाकट्याने तिच्यासमोर मुद्दाम सावकाश चावी दिली, कानाला लावून ऐकले आणि घड्याळ वरच्या खिशात टाकले. दारापाशी जाऊन तो थबकला.

"याला तेल लागत असेल ना?"

"लागतं. माझ्याकडेच आणावं लागेल."

"आणीन. पण माझ्यासमोर उघडायचं. पाठ करायची नाही."

"तू काउंटरच्या त्या बाजूचं स्टूल ओढून घे," ती म्हणाली. "आणि बोट लावायचं नाही."

तो रस्त्याला लागला. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचा हात खिशावरच होता, आणि ताईची नजर त्या हातावर.