गाडीच्या कप्प्यातल्या कोऱ्या पावत्या

मित्रांनो, मी एक जुना कप्पा आहे. भाड्याने धावणाऱ्या एका पांढऱ्या गाडीत, चालकाशेजारच्या सीटसमोर माझी जागा आहे. कारखान्यात मला खटका लावला आणि एका कामगाराने तीनदा उघडून मिटून पाहिले. तेव्हापासून मला एकच खोड लागली. उघडलो की जग बघायचे, मिटलो की कान देऊन ऐकायचे.

माझा मालक स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. मोबाईल वाजला की भाडे घ्यायचे, सोडायचे आणि पुढचे घ्यायचे. पेट्रोल भरले, टायर बदलला, गाडी धुतली, की मिळालेली पावती तो माझ्यात कोंबायचा. "हा माझा खजिना!" असे म्हणायचा. मला मोठे कुतूहल वाटे. आल्या दिवशीच सगळे कागद फेकून देणारा हा माणूस एवढे चिटोरेच का जपतो? पण खजिना म्हटल्यावर मी फुगून गेलो. वर्षभर एकही चिठ्ठी बाहेर सांडू दिली नाही.

मालकाचे बाबा निवृत्त बस ड्रायव्हर. रोज सकाळी ते खाली येत, खिडकीतून वाकत आणि गाडी किती किलोमीटर धावली तो मीटरचा आकडा खिशातल्या वहीत पेन्सिलने टिपत. संध्याकाळी पुन्हा हजर.

"घरच्या कामाला किती फिरलास?"

"शून्य लिहा, बाबा. बस सोडून आठ वर्षं झाली, तरी तुमची ड्युटी काही संपत नाही!"

बाबा आकडा लिहीत आणि जिना चढत. या वहीचे ते काय करतात, हेही मला कोडेच होते.

वर्ष सरले. एका संध्याकाळी, घराखाली उभ्या गाडीत, कराचे कागद भरून देणाऱ्या मॅडम येऊन बसल्या.

"स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांना करात सवलत आहे," त्या म्हणाल्या. "धंद्यासाठी केलेला खर्च कमाईतून वजा होतो. पुरावा तेवढा दाखवा."

मालकाने ऐटीत माझा खटका दाबला. मॅडमनी एक पावती उचलली, दुसरी उचलली, दिव्याजवळ धरली.

"अहो, या तर कोऱ्या आहेत!"

"आकडे होते हो त्यांच्यावर!"

"उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यात ना? या कागदावरची छपाई उष्णतेने उडते."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्यांना मी पोटाशी धरले, त्यांचे आकडे माझ्याच उबेने पुसले होते. मालकाचा चेहरा उतरला. सवलत हुकली तर सगळ्या कमाईवर कर बसणार होता, आणि तो भरायला गाडी विकावी लागणार होती.

तेवढ्यात बाबा रोजचा आकडा घ्यायला आले. त्यांनी सगळे ऐकले आणि वही खिडकीतून आत दिली.

मॅडम पाने उलटत गेल्या. "रोजची तारीख आहे! धंद्याचं वेगळं, घरचं वेगळं! अहो, अशी नोंद असली तर पावत्यांशिवायही किलोमीटरमागे ठरलेली सूट मिळते. वाचलात तुम्ही!" मग त्यांनी बेरीज केली. "धंद्याचे एकेचाळीस हजार. आणि घरचे फक्त एकशे बारा? सवलतीसाठी उत्तमच की!"

मालक हसला आणि हसता हसता खिडकीबाहेरच्या बाबांकडे बघू लागला. मीही आठवून पाहिले. बाबा रोज दोनदा गाडीपाशी येत, पण आत कधी बसलेच नव्हते.

आता पावत्या घरातल्या डब्यात असतात आणि माझ्यात ती वही असते. चिठ्ठ्या उन्हापासून जपा, एवढेच सांगायला मी तोंड उघडले होते. पण रोज वाकून तुमची विचारपूस करणारे कोणी असेल, तर मित्रांनो, त्यांनाही जपा.

परवा सुट्टी होती. मालकाने माझ्या बाजूचे दार उघडून बाबांना आत बसवले. त्यांचे गुडघे मला टेकले. सवयीने त्यांनी वही काढली, आकडा टिपला आणि विचारले, "हे कशात धरू?"

"घरच्यात धरा, बाबा," मालक म्हणाला. "किती झाले ते परत आल्यावर बघू."