सावलीपुरतं कोरडं

थोरलीनं चष्मा पुसला, टेबलावर वाकली आणि बोट टेकवलं.

"हे आपलं."

टेबल कसलं, खोलीभर पसरलेलं प्लास्टरचं पांढरं खोरं होतं ते. दोन्हीकडे डोंगर, मधे नदीची घळ, उतारावर साखरेच्या खड्यांएवढी घरं. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरमधून रंग खाली पडत होते, म्हणून शेतं हिरवी दिसत होती आणि वाटा तांबड्या. संग्रहालय अजून उघडायचं होतं. भिंतीतून वायरी लोंबत होत्या आणि माणसांपेक्षा खोकीच जास्त होती.

"आपलं नाही ते," मागून धाकटी जाऊ म्हणाली. "ते कुंभाराचं. आपलं त्याच्या वरच्या अंगाला."

"मी नांदलेय त्या घरात. तू उन्हं डोक्यावर येईस्तोवर लोळत पडायचीस, तुला काय दिसणार?"

"लोळायची तरी त्याच घरात ना, जाऊबाई?"

थोरलीनं बोट उचललं आणि वरच्या घरावर टेकवलं. धाकटीचं बरोबर होतं, पण ते तोंडानं म्हणायची गरज नव्हती.

प्रोजेक्टरचं काम बघणारी मुलगी गालात हसली. दिवा कुठे टांगायचा, आवाज कुठून यायचा, बघायला आलेल्यांनी कुठे उभं राहायचं, हे सगळं तिनं आखलं होतं. घरं जागच्या जागी आहेत की नाहीत हे सांगायला तिनं दोघींना बोलावून घेतलं होतं. धरण बांधून गाव बुडवलं तेव्हा विचारायला कुणी फिरकलं नव्हतं. बुडालेलं दाखवायचं म्हटल्यावर दाराशी गाडी आली.

थोरलीचं बोट घराच्या मागे गेलं आणि तिथंच थांबलं. मागे परसात लिंबाचं झाड होतं. झाडाखाली तिची पहिली लेक होती, उभं राहायला शिकायच्या आत तापानं गेलेली. गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं नेली, चौकटी नेल्या, चुलीचे दगडसुद्धा नेले. नवरा कुदळ घेऊन झाडाखाली गेला, उभा राहिला आणि कुदळ तशीच कोरडी घेऊन परत आला. त्यावर घरात कधी अवाक्षर निघालं नाही. आता तोही नव्हता.

"पोरी, इथं बारीकसा दिवा लागेल का?"

"काय होतं तिथं, आजी?"

"झाड होतं. लिंबाचं."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. जन्मभर जावेच्या प्रत्येक वाक्यात खोट काढणारी ती बाई या खेपेला काही बोलली नाही.

"लावू की, त्यात काय!" मुलीनं लॅपटॉपवर काहीतरी दाबलं आणि घरामागे तिळाएवढा हिरवा ठिपका उमटला. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. इतकं सोपं होतं तर.

"आता सगळं सलग बघा हं. काही चुकलं तर सांगा."

वरच्या स्पीकरमधून पाखरं बोलायला लागली. मग गाडीबैलांचा आवाज, कुणाची तरी हाक. मग सगळं गप झालं आणि घळीतून निळं पाणी वर सरकायला लागलं. शेतं गेली. कुंभाराचं घर गेलं. पाणी अंगणाशी आलं, ओट्याशी आलं, आणि ठिपका विझला. खोरं निळंशार झालं. क्षणभरानं पुन्हा पाखरं बोलायला लागली, शेतं हिरवी झाली.

"हे पुन्हा बुडणार?" थोरलीनं विचारलं.

"हो ना. आपोआप चालू राहतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, दिवसभर."

"आणि पाणी नाहीच दाखवलं तर?"

"आजी, लोक पाणी बघायलाच तर येणार."

वाईट मनानं बोलली नव्हती ती. तेच जास्त लागलं.

पाणी पुन्हा चढायला लागलं तशी थोरली पुढे वाकली. का वाकली, तिचं तिला ठाऊक नव्हतं. तिच्या डोक्याची सावली घरावर पडली, परसावर पडली. चहूकडून निळं आलं आणि सावलीच्या काठाशी थांबलं. आत ना हिरवं ना निळं, नुसतं पांढुरकं, कोरडं प्लास्टर. थोरलीनं श्वास धरला. पाठीत कळ आली तरी ती हलली नाही.

"अरे, आजी, तुमची सावली पडतेय!"

"पडू दे."

"नाही नाही, बरं झालं आत्ताच कळलं. मुलं तर अशीच वाकणार." तिनं शिडीवरच्या माणसाला हाक मारली. "समोरचा दुसरा प्रोजेक्टर लावा हो! दोन्हीकडून टाकू." मग वळून लाडानं म्हणाली, "आजी, आता पुन्हा तशाच वाका. अगदी मघासारख्या."

"मी कशाला?"

"तुमच्यामुळेच तर कळलं ना."

पाणी अंगणाशी आलं होतं. थोरली वाकली. या खेपेला सावली पडली ती ताकात पाणी घातल्यासारखी, आणि निळं तिच्यातून आरपार चालत आलं. थोरली आणखी वाकली. कपाळ घराला टेकायचं तेवढं राहिलं.

"गेली सावली!" मुलीनं टाळी वाजवली.

ठिपका विझला.

"वीज गेली तर हो, बाई?" धाकटीनं विचारलं.

"बॅटरी आहे. काही थांबणार नाही."

"सोय चोख केलीत," धाकटी म्हणाली.

"आणि उद्या इथं कठडा बसेल. मग कुणाचा हातही पोचणार नाही आत."

पाखरं पुन्हा बोलायला लागली. शेतं हिरवी झाली, घरामागे ठिपका लागला. थोरलीनं हात पुढे केला आणि तळवा त्या ठिपक्यावर पालथा ठेवला.

"आजी, हात नका ठेवू, घरं नाजूक—"

"थांब गं जरा," धाकटी म्हणाली.

ती टेबलाला वळसा घालून जावेच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनंही आपला हात खाली ठेवला. थोरलीच्या हाताच्या खालच्या उतारावर, जिकडून पाणी यायचं त्या अंगाला.

कुणाची तरी हाक ऐकू आली. मग सगळं गप झालं.

पाणी आधी धाकटीच्या बोटांवर चढलं.