मिनिटची चार पिलं

खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले गेले, त्याला अठरा दिवस झाले होते. त्या सकाळी वरच्या मजल्यावर पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने केराची टोपली बाहेर ठेवायला दार उघडलं, तर त्यांची मांजरी पायरीवर बसलेली. पोट इतकं फुगलेलं की बसल्यावर दोन्ही बाजूंनी पसरलं होतं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो काही म्हणायच्या आत त्याच्या पायांमधून घरात शिरली.

"अगं, ही बघ कोण आलीय," तो आत तोंड करून म्हणाला.

बायको ड्यूटीवर निघायच्या गडबडीत होती. पंचवीस वर्षं इस्पितळात नर्स, त्यातली निम्मी बाळंतिणींच्या वॉर्डात. केसांत पिना खोचता खोचता तिने मांजरीवर नुसती नजर टाकली. "आज नाहीतर उद्या. एक मोठा खोका रिकामा करा, त्यात जुने टॉवेल घाला. आणि दार लोटून घ्या."

"आपल्याकडे ठेवायची?"

"मग कुठे? तिचं माणूस गेलं, खालच्या दाराला कुलूप. आणि काय हो, मांजरीला कसले घाबरताय? चेहरा बघा आरशात."

मांजरीचं नाव मिनिट. घड्याळवाल्यांनीच ठेवलेलं. ते जिन्यात उभे राहून "ए मिनिट!" अशी हाक मारायचे आणि दुरुस्तीला घड्याळ घेऊन आलेली माणसं उगाच दारात थबकायची. त्यांची बायको मरून बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी दुसऱ्या शहरात. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग, शेजारी मिनिट, एवढाच त्यांचा संसार.

बाइंडरशी त्यांचा दोन वर्षं अबोला होता. बाइंडरचं काम घरातच चालायचं. पुस्तकाचा कणा गोल करायचा तर हातोडीने ठोकावा लागतो, आणि तो आवाज जुन्या इमारतीच्या लाकडी मजल्यातून थेट खाली जायचा. एकदा घड्याळवाले वर येऊन म्हणाले, "तुमच्या ठोकण्याने माझ्या स्प्रिंगा उडतात हो." बाइंडर तेव्हा घाईत होता. म्हणाला, "मग कानात कापूस घाला." घड्याळवाले तसेच उतरून गेले. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले तरी दोघंही भिंतीकडे बघायचे.

मिनिट दुसऱ्या दिवशी दुपारी व्याली. घरात बाइंडर एकटाच. खोक्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसून तो बायकोला फोन करत राहिला.

"दुसरं आलं! पण ते हलत नाहीये."

"ती चाटतेय ना? मग हलेल."

"हललं! आता तिसरं—"

"मग टाळ्या वाजवा. हात लावू नका, आणि मला काम करू द्या."

चौथं पिलू बऱ्याच वेळाने आलं. राखाडी, बाकीच्यांच्या निम्म्याने, ओल्या बोळ्यासारखं. मिनिटने ते चाटलं खरं, पण अर्धवट. मग तिने मान उचलली आणि खोलीच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत बसली. कामाच्या टेबलाखालून पाण्याचा लोखंडी पाइप वर येतो, तो कोपरा. बाइंडरने तिकडे पाहायचं टाळलं.

सकाळी खोका रिकामा. चारही पिलं टेबलाखाली, पाइपाला लागून, उघड्या फळ्यांवर. मिनिट त्यांच्याभोवती वळसा घालून पडलेली, एक कान जमिनीला लावून. बाइंडरने पिलं उचलून खोक्यात ठेवली. तासाभरात तिने एकेकाला मानेला धरून परत तिथेच नेलं. त्याने पुन्हा आणली, तिने पुन्हा नेली.

"तिला उजेड नको असेल," बायको म्हणाली.

उजेड तर तिथेच जास्त होता, समोरच खिडकी. शेवटी त्याने खोकाच तिकडे सरकवला, तेव्हा कुठे ती त्यात बसली.

राखाडीला दूध ओढता येत नव्हतं. बाकीची तिघं त्याला तुडवून पुढे जायची. बायकोने प्राण्यांच्या डॉक्टरकडून पिलांसाठीची दुधाची पावडर आणली, ड्रॉपर आणला आणि नवऱ्याला एकदाच दाखवलं. "पालथं धरायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध छातीत जाईल. थेंब थेंब. पाजून झालं की कोमट पाण्याच्या कापसाने पोटाखाली पुसायचं, म्हणजे शू करेल. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच ठेवायची."

दिवसा ते काम बाइंडरकडे आलं. ज्या हातांनी तो जाड पुठ्ठे कापायचा, त्या हातात ते पिलू म्हणजे काहीच नव्हतं. फक्त ऊब आणि तिच्या आत भरभर धावणारं काहीतरी. दर दोन तासांनी तो टेबलाखाली वाकायचा. त्याचं डोकं पाइपाशी यायचं, मिनिटचे पिवळे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर. ती गुरगुरायची नाही, नख काढायची नाही. नुसती बघायची.

सातव्या दिवशी, चारच्या सुमाराला, पाइप वाजला. टक, टक, टक. मिनिट ताडकन उभी राहिली, तिला लुचणारी पिलं गळून पडली. बाइंडर ड्रॉपर टाकून, होता तसा, अनवाणी जिना उतरला. खालच्या दाराला कुलूप होतं. त्याने दाराला कान लावला. आत काही नव्हतं. चार वाजता पाणी सोडतात, पाइपात हवा असली की तो वाजतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो तिथेच उभा राहिला, दाराला हात लावून, बायको घरी येईपर्यंत.

"इथे काय करताय? पायात चप्पल नाही," ती म्हणाली. वर आल्यावर तिने टेबलावर पडलेल्या सुट्या पानांचे गठ्ठे पाहिले. "आठवडाभर हातोडीचा आवाज नाही. वाचनालयाची पुस्तकं तशीच पडलीत. काय झालंय तुम्हाला? मला सांगा."

मग त्याने सांगितलं.

बायको बहिणीकडे गेली होती, त्या आठवड्यातला सोमवार. भर दुपारी खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मांजरीचं ओरडणं सुरू झालं, थांबेचना. त्याला त्याच दिवशी काम पोचवायचं होतं. वैतागून त्याने हातोडीने पाइपावर तीनदा ठोकलं. क्षणभर शांतता. आणि मग खालून, पाइपातून, तीन ठोके आले.

"मला वाटलं, म्हातारा वेडावतोय," तो म्हणाला. "मी आणखी जोरात तीन मारले. पुन्हा तीन आले. हळूहळू आले, एकेक करून. मी शिवी घातली आणि रेडिओ मोठा केला."

मंगळवारीही मांजरी ओरडत होती. त्याने ठोकलं. खालून काही आलं नाही. बुधवारी पार्सल घेऊन आलेल्या पोस्टमनला संशय आला, माणसं जमली, दार फोडलं. बाइंडरही उतरला होता. घड्याळवाले पाइपाशेजारी जमिनीवर पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. हातात काठी होती. सगळे म्हणाले, काठी घेऊन चालताना पडले असतील. तो गप्प राहिला.

बायकोने विचारलं, "खाली जाऊन बघायला काय झालं होतं?"

"आमचा अबोला होता."

हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचे त्यालाच इतके लहान वाटले की त्याने मान खाली घातली. सांगता सांगता त्याने राखाडी पिलू हातात घेतलं होतं. बायकोने दोन्ही हात पुढे केले. "द्या ते इकडे," ती म्हणाली, आणि त्याच्याकडून ते काढून घेतलं. वॉर्डात एखाद्या नवख्या हातातून बाळ काढून घ्यावं तसं.

पुढचे चार-पाच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. ड्यूटीवर जाताना टेबलावर चिठ्ठी असायची: 'राखाडी, दहा थेंब. वजन करून लिहून ठेवा.' तो वजन करून लिहायचा. त्याच दिवसांत पिलांचे डोळे किलकिले होत उघडले. राखाडीचे सर्वांत शेवटी, आणि एक जरा चिकटूनच. ते धुकट निळे डोळे त्याला बघत नव्हते, हे त्याला बरं वाटलं.

रविवारी खाली पावलं वाजली. सामान ओढल्याचा आवाज आला. बाइंडर जागच्या जागी थिजला.

"त्यांची मुलगी असेल," बायको म्हणाली. एवढ्या दिवसांत तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे बघा, तिला काही सांगायचं नाही. आपलं मन हलकं व्हावं म्हणून दुसऱ्याच्या माथी ओझं टाकू नये. तुमचं आहे, तुम्ही वागवा."

त्याने मान डोलावली. त्याचंही ठरलं होतंच.

दुपारी मुलगी वर आली. चाळिशीची, कपड्यांना धूळ, बापासारखंच रुंद कपाळ. "मिनिट तुमच्याकडे आहे असं कळलं, काका." ती टेबलाखाली वाकून पिलं बघत राहिली. मिनिटने तिचा हात हुंगला आणि अंग घासलं. मुलीचे डोळे भरून आले. "बाबांनी फोनवर सांगितलं होतं, मिनिटला दिवस गेलेत म्हणून. म्हणाले, तू बारशाला ये." ती हसली, मग तिथेच फळ्यांवर बसली. बाइंडरच्या बायकोने दिलेला चहा तिने हातात नुसता धरून ठेवला.

"काका, एक विचारू? डॉक्टर म्हणाले, ते लगेच गेले नाहीत. दिवसभर तरी होते. तुम्ही बरोबर वर. तुम्हाला काहीच ऐकू नाही आलं?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणायला एकच शब्द लागला असता, आणि त्याने तो म्हणायला तोंड उघडलंही.

"आलं होतं," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. अबोला, हातोडी, तीन ठोके, रेडिओ. तिच्या हातातल्या चहावर साय धरली.

सांगून झाल्यावर ती उठली. "तुम्ही इथेच थांबा. मी खाली जाते. मी गेल्यावर त्या दिवशी ठोकलंत तसंच ठोका."

"अगं पोरी, नको—" बायको पुढे झाली.

"काकू, मला ऐकायचंय."

तिची पावलं जिन्यावरून उतरली, खालचं दार वाजलं. बाइंडरने हातोडी उचलली. पहिला ठोका पाइपावर घसरला. त्याने पुन्हा नीट ठोकले. एक, दोन, तीन.

खालून उत्तर आलं नाही. मिनिट खोक्यात उठून उभी राहिली, पाइपाला नाक लावलं आणि घशातल्या घशात एकदा ओरडली, मूल हरवल्यासारखी. बाइंडर हातोडी ठेवून खाली बसला. बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण ती त्याच्या शेजारी फळ्यांवर बसली.

किती वेळ गेला कोण जाणे. मुलगी वर आली तेव्हा तिच्या एका गालावर धूळ होती. ती खाली जमिनीवर पडून राहिली होती, बापाच्या जागी.

"अगदी स्पष्ट ऐकू येतं," ती दारातूनच म्हणाली. "जवळच कुणीतरी आहे असं वाटतं. आत्ता येईल असं वाटतं." ती उंबरा ओलांडून आत आली. "म्हणजे ते वाट बघत होते."

"हो," बाइंडर म्हणाला.

"मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही, काका. उगाच तशी आशा धरू नका."

"नाही."

"मिनिटला मला नेता येणार नाही, आमच्या इमारतीत चालत नाही. तिला सांभाळा. तुमचा नंबर द्या मला." नंबर घेऊन ती गेली. तासाभराने खालच्या दाराला पुन्हा कुलूप लागलं.

पिलं दोन महिन्यांची झाल्यावर तिघांना घरं मिळाली. एक बायकोच्या वॉर्डातल्या आयाबाईंनी नेलं, एक पोस्टमनने, एक वाचनालयाच्या बाईंनी. मिनिट तीन दिवस घरभर त्यांना शोधत फिरली, कपाटाखाली, पुठ्ठ्यांच्या मागे. बाइंडर तिच्यामागून फिरायचा, तिला प्रत्येक कपाट उघडून दाखवायचा. राखाडीला कुणाला द्यायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं. ते अजूनही लहानखुरंच आहे, आणि चालताना एका बाजूला कलतं.

मुलगी दर रविवारी अकराला फोन करते. आधी मिनिटची चौकशी, मग पिलाची. मग त्या दोन दिवसांतलं काहीतरी विचारते. रेडिओवर काय लागलं होतं? मंगळवारी किती वाजता ठोकलंत? दार फोडलं तेव्हा खिडकी उघडी होती का? तो आठवून सांगतो. आठवलं नाही तर आठवत नाही म्हणतो, पदरचं काही घालत नाही. कधी ती रडते, कधी मध्येच फोन ठेवून देते. पुढच्या रविवारी पुन्हा करते.

सुरुवातीला बायको त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. हल्ली रविवारी अकरा वाजायला आले की ती भाजी निवडायची ताटली घेऊन बाहेर येते आणि त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसते. तो बोलत असताना ती मान वर करत नाही. शेंगा मात्र फार सावकाश सोलते.