सासूबाईंचं कपाट, बाबांची पेटी

आमच्या सासूबाईंच्या दिवाणखान्यात भर दुपारी दिवा लावावा लागतो. फ्रान्समधल्या आँजेसारख्या गावात मुळात ऊन बेताचंच, त्यात खिडकीच्या झडपा बारा महिने बंद. कारण काय, तर खिडकीसमोरचं कपाट. बुटकं, पोट सुटलेलं, तीन खणांचं. लाकडाच्या पातळ चकत्या जडवून त्यावर फुलं-पानं केलेली आणि वर सोनेरी पितळी पट्ट्या. उन्हाने त्याचे रंग उडतील म्हणून घरातली माणसं चाचपडत कॉफी पितात. रंग तरी कोणते? फुलं मधाच्या रंगाची, पानंही मधाच्या रंगाची, मागचं लाकूड किंचित गडद. याला सासूबाई अभिरुची म्हणतात.

राजदरबारातल्या कुणा बाईसाहेबांनी हे कपाट आमच्या घराण्यातल्या एका पूर्वजांना भेट दिलं, असं त्या दर रविवारी जेवणानंतर सांगतात. का दिलं, हे विचारायचं नसतं. मी लग्नानंतर पहिल्याच रविवारी विचारलं.

मी मार्सेयची, सुताराची मुलगी. लग्नात बाबांनी मला असंच जडावाचं काम केलेली एक पेटी दिली. एकेक पाकळी बारीक करवतीने कापलेली, कडेला सावली यावी म्हणून तापल्या वाळूत भाजलेली, तीही आईच्या मासे तळायच्या तव्यात. पानं पोपटी, फुलं गुलाबी, मधे एक निळा पक्षी. रंग उकळून उकळून आईचं एक पातेलं कायमचं हिरवं झालं. त्याच हिवाळ्यात बाबा गेले.

सासूबाईंनी पेटी पाहिली आणि म्हणाल्या, "जत्रेत छान शोभली असती." तेव्हापासून ती धुण्याच्या खोलीत, चिमट्यांच्या टोपलीशेजारी आहे. मला ती दिवाणखान्यात हवी होती. दुसरं काही मी त्या घरात मागितलं नाही. "मी बोलतो आईशी," असं माझा नवरा आमोरी लग्नापासून म्हणतोय. सख्ख्या आईला 'तुम्ही' म्हणणारा माणूस बोलून बोलून काय बोलणार?

मग एका रविवारी सासूबाईंच्या नणंदेने, क्लोतिल्दआत्यांनी, तोंड पुसता पुसता सहज काडी टाकली. "वहिनी, खरं सांगू? हे कपाट मला नक्कल वाटतं. राजेशाही गेल्यावर अशी कपाटं ढिगाने झाली."

सासूबाईंनी त्या दिवशी चीजला हात लावला नाही. आठवड्याभरात पॅरिसहून जाणकार बोलावला गेला आणि आत्यांना मुद्दाम जेवायला.

मस्यू ग्रॅनवाल आले ते बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन. आधी जमिनीवर उताणे पडले, मग खण काढून आत नाक खुपसून आले. सासूबाई ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभं राहावं तशा उभ्या होत्या.

"सांधे हाताने केलेले आहेत," ते म्हणाले. "चकत्याही जाड-पातळ आहेत. पण नक्कल करणारे काही मूर्ख नसतात, मादाम. कुलपाभोवतीची ही पितळी पट्टी उतरवू का?"

"उतरवा."

पट्टी निघाली. मस्यूंनी बॅटरी धरली आणि आम्ही सगळे वाकलो. पट्टीखाली अर्धं पान होतं, पोपटी. शेजारी अर्धी पाकळी, गुलाबी.

"अभिनंदन. अस्सल आहे. इथे उजेड पोचला नाही म्हणून मूळ रंग राहिलाय."

"मूळ म्हणजे?"

"सगळं कपाट असंच होतं. हिरवं, गुलाबी, निळ्या फिती. तेव्हा बड्या घरांत हेच चालायचं."

"पण मी तर झडपा..."

"झडपा लावल्यात ते चांगलंच केलंत. फक्त रंग तुमच्या जन्माआधीच उडाले होते."

"चला, अस्सल निघालं हो, वहिनी," क्लोतिल्दआत्या म्हणाल्या. "जत्रेतलं निघालं, पण अस्सल."

मी धुण्याच्या खोलीत गेले, पेटी उचलली, तिच्यावरचा मोजा बाजूला केला आणि ती आणून त्या अर्ध्या पानाशेजारी धरली. तोच हिरवा. मनात राग नव्हता. बाबा हे बघायला नाहीत याचं दुःख होतं.

सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं. मग मस्यूंना म्हणाल्या, "ती पट्टी परत बसवा, घट्ट." आणि माझ्याकडे न बघता, "मिरेय, पेटी कपाटावर ठेव. खिडकीच्या झडपा उघड, ऊन लागू दे तिला. दोनशे वर्षांत बघण्यासारखी होईल."

त्यांच्या तोंडून याहून मोठी माफी निघणं शक्य नव्हतं, हे मला कळलं. आमोरीलाही कळलं असावं, कारण तो लगबगीने कॉफी आणायला गेला.

मी पेटी ठेवली, झडपा उघडल्या. ऊन थेट निळ्या पक्ष्यावर पडलं. मार्सेयचं स्वयंपाकघर, ते पातेलं, आईची कटकट, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी चारचौघांत रडले.

मग डोळे पुसले आणि झडपा ओढून घेतल्या. लग्न झाल्यापासून मी त्या झडपांना शिव्या देत आले होते. त्या दुपारी कडी नीट बसली का, तेही मी दोनदा पाहिलं.