रुसलेली जळू

अंगणातला बर्फ उडवणाऱ्या स्नोब्लोअर यंत्रात गोळा अडकला म्हणून झेवियरने त्यात हात घातला आणि डाव्या हाताचं मधलं बोट तुटलं. मिसिसागाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी ते शिवलं खरं, पण सकाळी बोट जांभळं पडलं. आत गेलेल्या रक्ताला बाहेर पडायला वाट नव्हती. बोट गेलं की चर्चमधलं त्याचं व्हायोलिनही गेलं. त्या व्हायोलिनवर भाळूनच बीआट्रिसने वसईत लग्नाला होकार दिला होता. त्याच्यापेक्षा तिचाच जीव जास्त टांगणीला लागला होता.

डॉक्टर ऊर्मी एक बरणी घेऊन आली. आत जळवा वळवळत होत्या.

"अगो बाय!" बीआट्रिस खुर्चीवरून उठलीच. "आपण कॅनडातच आहोत ना?"

"आंटी, रिलॅक्स. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात न्हावीच सर्जरी करायचे. दाढी करायची, दात उपटायचे, वेळ पडली तर पायही कापायचा. जळवाही तेच लावायचे. साचलेलं रक्त ओढायला आम्हालाही अजून ह्याच लागतात."

"मग जाता जाता माझी दाढीपण करून टाक," झेवियर म्हणाला.

ऊर्मीने जळू बोटावर ठेवली. जळूने तोंड फिरवलं. दुसरी ठेवली, तर ती थेट कोपराकडे निघाली.

बीआट्रिस मनातून खूश झाली. नर्सची पाठ फिरताच तिने पर्समधलं वेलंकणी माउलीचं पवित्र तेल बोटाला चोपडलं होतं, वर जरा व्हिक्सही. ती घाण जवळ यायची काय बिशाद!

पण ऊर्मीचा चेहरा उतरला. "जळूने धरलं नाही, तर बोट काढावं लागेल, अंकल."

 बीआट्रिसने पर्समधून तेलाची बाटली काढून ऊर्मीपुढे धरली.

"बाय, मी तेल लावलं," ती पुटपुटली. "माउलीचं. आणि व्हिक्स."

"व्हिक्स?" ऊर्मी तिच्याकडे बघतच राहिली, मग खो खो हसली. "आंटी, जळूला वासाचं काही चालत नाही! तरी तुम्ही बऱ्या. ते जुने सर्जन जखमेवर उकळतं तेल ओतायचे. एका लढाईत एकाचं तेल संपलं, म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन कालवून लावलं. सकाळी बघतो तर उकळतं तेल ओतलेले कण्हताहेत आणि हे बलकवाले शांत झोपलेले!"

"रंगात घालायचं टर्पेंटाइन? आणि माझ्या व्हिक्सला हसतेस?"

ऊर्मीने कोमट पाण्याने बोट हलकेच पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. जळू ठेवली. जळू थबकली, चाचपडली आणि एकदम चिकटली. बघता बघता फुगायला लागली.

"पी बाय, पी," बीआट्रिस वाकून म्हणाली. "पोटभर पी."

"मला कधी चहासुद्धा इतक्या प्रेमाने दिला नाहीस, बीआ."

"तू गप पड. तिला जेवू दे."

बोटाचा जांभळा रंग फिकट होत होत गुलाबी झाला. पहिली जळू टम्म होऊन गळून पडली, तेव्हा दुसरीसाठी बरणीचं झाकण बीआट्रिसनेच उघडलं.