कोठीची खिडकी

‘स्क्रू वाटीत ठेव. जमिनीवर ठेवलास की गेला कपाटाखाली, आणि मग मला पोटावर झोपून शोधायला लावशील.’

सासऱ्यांच्या टेबलापाशी बसलं की सुनेला त्यांचं हे बोलणं अजून ऐकू यायचं. त्या दुपारी ती जमिनीवर मांडी घालून त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचं पोट उघडून बसली होती आणि सासरे विजेरी धरून तिच्या डोक्यावर उभे होते. विजेरी कमी आणि सूचना जास्त.

सासरे घरांचे नकाशे काढायचे. नोकरी संपली तरी काम सुटलं नव्हतं. कुणाला वर एक खोली चढवायची असायची, कुणाला दुकानामागं घर काढायचं असायचं, अशी लहानसहान माणसं त्यांना शोधत यायची. कॉम्प्युटर त्या मानानं फारच थकलेला. सकाळी बटण दाबलं की आत घरघर सुरू व्हायची आणि पडद्यावरचं चक्र फिरत राहायचं. सासरे म्हणायचे, ‘म्हातारा कूस बदलतोय.’ थोड्या वेळानं, ‘आता चष्मा शोधतोय.’ सून कामावर निघण्याच्या गडबडीत हे जाता जाता ऐकायची, हसायची, आणि तिला मनातून बोचायचं. ती एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. तिथली असली मरगळलेली यंत्रं तिनं आपल्या हातानं धडधाकट केली होती. परक्यांची करायची आणि घरचं माणूस ताटकळत बसवायचं, हे काही तिला बरं वाटेना. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ती एसएसडी, म्हणजे नव्या जातीची झटपट चालणारी डिस्क, घेऊन आली.

तळहाताएवढी चपटी वस्तू. सासऱ्यांनी ती कानाशी धरून हलवून पाहिली. ‘आत काही फिरत नाही?’ ‘काही नाही, बाबा. म्हणून तर पळते.’ तिनं वायर काढली, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, इतक्या दिवसांची धूळ ब्रशानं झाडली. जुन्या डब्यात एवढ्याशा डिस्कला जागाच नव्हती, तेव्हा ती पट्टीवर बसवून घट्ट केली. मग जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवायला लावलं. त्यात दुपार गेली. संध्याकाळी बटण दाबलं, तर सासऱ्यांनी चष्मा नाकावर चढवायच्या आत पडदा उजळून तयार. ते थक्क झाले. त्या दिवसापासून सून ‘इंजिनीअरीणबाई’ झाली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कॉम्प्युटर चालू करून दाखवण्याचा त्यांना छंदच लागला.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांची नजर हळूहळू करत पार गेली होती. त्यांनी एवढंच विचारलं होतं, ‘म्हणजे आता थांबायलाच लागणार नाही?’

‘अजिबात नाही, आई,’ सून अभिमानानं म्हणाली होती.

‘बरं झालं,’ सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर वर्षही नीट उलटलं नाही आणि सासरे गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. आंघोळीला म्हणून उठले आणि दारातच बसले. अर्धवट राहिलेले नकाशे ज्याचे त्याला देऊन टाकावेत म्हणून सून एका सकाळी त्यांच्या खुर्चीत येऊन बसली. तिनं बटण दाबलं. भिंत चाचपत सासूबाई आल्या आणि शेजारच्या स्टुलावर टेकल्या.

‘चालू झालं?’

‘झालं, आई.’

‘हो. आता लगेच होतं.’

बोलण्यात टोमणा नव्हता. पण त्या स्टुलावर अशा सवयीनं बसल्या होत्या, की सुनेला राहवलं नाही. तिनं विचारलं, तुम्ही रोज इथं बसायच्या का? आणि मग सासूबाई सांगू लागल्या, आपलं काही गाऱ्हाणं नसल्यासारखं, शांतपणे.

म्हातारा कूस बदलायचा तेवढा वेळ त्या दोघांचा असायचा. सासरे बटण दाबून त्यांना हाक मारायचे, ‘या मुकादम, कामावर या.’ त्या स्टुलावर बसून हात पुढं करायच्या. सासरे त्या दिवशी काढायचं घर त्यांच्या तळहातावर बोटानं काढायचे. अंगठ्याकडे रस्ता, मनगटाकडे मागचं दार, इथं जिना, इथं मोरी. सासूबाई डोळे मिटून त्या घरात शिरायच्या, चूल पेटवायच्या, कपडे वाळत घालायच्या, आणि जिथं अडखळायच्या तिथं सांगायच्या. हे दार उघडलं की पाठीला लागेल. म्हातारं माणूस रात्री उठलं तर एवढं चालेल होय? सासरे वाद घालायचे, चिडायचे, ‘घर काढायला कुणी शिकलंय, तू का मी?’ म्हणायचे. पण तळहातावरची भिंत बोटानं हलवायचे. पडद्यावरचं चक्र थांबेतो घर राहण्याजोगं झालेलं असायचं.

‘आणि नंतर?’ सुनेनं विचारलं.

नंतर काय, म्हातारा उठूनच बसलेला असायचा. समोर काम तयार दिसलं की सासऱ्यांना बसवत नसे, ते थेट सुरूच व्हायचे. पहिल्या काही दिवसांत सासूबाई येऊन बसल्याही. तेवढ्यात बोटं चालायला लागलेली. मग त्यांनी येणं सोडलं.

‘तुम्ही मला सांगायचं होतंत, आई.’

‘काय सांगायचं, बाई? तू एवढ्या हौसेनं केलंस. ह्यांना तर किती आनंद. आणि मीही कधी म्हटलं नाही, की अहो, जरा हात धरा. म्हटलं असतं तर आले असते. मला वाटायचं ह्यांना नको असेल, ह्यांना वाटलं असेल मला कंटाळा आला. आपली तोंडं काय शिवली होती? पण राहिलं ते राहिलंच.’

सुनेनं पडद्याकडे पाहिलं. सगळं कसं लख्ख, जिथल्या तिथं, बोट लावलं की हजर. सासऱ्यांची ती कूस आणि तो चष्मा, ही त्यांची तक्रार नव्हतीच. रोज सकाळी बायकोला हाक मारण्याआधीचं ते त्यांचं लाडाचं बोलणं होतं. तिनं ते दाराबाहेर पडता पडता ऐकलं होतं आणि अर्धंच सोबत नेलं होतं. एक दिवस पाच मिनिटं थांबली असती, तर दिसलं असतं.

सासूबाई मात्र आणखी काहीतरी सांगायला आल्या होत्या. शिंप्याच्या घराचं.

दुकान पुढं, घर मागं, असं ते घर सासऱ्यांनी एसएसडी बसवल्यानंतर काढलेलं. तळहातावर न आलेलं. घर बांधून झालं, शिंपी राहायलाही गेला. मग एकदा शिंपीण सहज भेटायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, घर छान झालंय, फक्त स्वयंपाकघरात भरदिवसा दिवा लावावा लागतो. सासऱ्यांनी ते ऐकलं. ती गेल्यावर सासूबाईंनी स्वतःहून हात पुढं केला. कितीतरी महिन्यांनी. सासऱ्यांनी घर काढून दाखवलं आणि बोट मध्येच थांबलं. गल्लीकडच्या बाजूला धान्याडब्यांची कोठी आणि तिला भलीमोठी खिडकी. स्वयंपाकघर तिच्या आत, चारी बाजूंनी कोंडलेलं.

‘मी म्हटलं, डब्यांना खिडकी आणि बाईला दिवा, हे कुठलं शहाणपण? हे आधी हसले. मग हसू गेलं त्यांचं. म्हणाले, मुकादम, तुला विचारलं असतं तर हे झालं नसतं.’

त्याच बैठकीत सासूबाईंनी तोडही सांगितली होती. कोठी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत कमरेपर्यंत उतरवली, की खिडकीचा उजेड थेट ओट्यावर येतो. सासऱ्यांनी कबूल केलं, उद्याच जाऊन शिंप्याला सांगतो. पण उद्या गेले नाहीत, परवाही नाहीत. उभा जन्म नकाशे काढलेल्या माणसानं आपली चूक दुसऱ्याच्या दारात जाऊन कशी सांगायची, हे त्यांना जमेना. रोज सकाळी पायांत चपला सरकवायचे आणि काहीतरी निमित्त काढून परत यायचे. तसंच राहून गेलं.

‘मला रात्री ती बाई दिसते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘दिवसा दिवा लावून भाकरी थापणारी. ह्यांचा शब्द अडकलाय तिथं. तू जाशील?’

‘जाते, आई.’

‘ह्यांची चूक म्हणून सांगू नकोस. आणि तुझीही सांगू नकोस. माझं नाव सांग. आंधळ्या बाईनं उजेड सुचवला म्हणून हसतील जरा, हसू देत.’

सुनेनं शिंप्याचा नकाशा उघडला. क्षणात उघडला. मधली भिंत अर्ध्या विटेची होती, छताचा भार तिच्यावर नाही अशी सासऱ्यांचीच नोंद शेजारी होती. सासूबाईंनी बरोबर सांगितलं होतं. तिनं कागद छापून घेतला आणि उतरवायच्या भागावर पेन्सिलीनं रेघ मारली. मग खुर्चीतून उठण्याआधी तिनं कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची सासूबाईंकडे वळवली आणि म्हणाली, ‘एकदा हातावर काढून बघू का? मला बाबांसारखं येत नाही. चुकलं तर सांगा.’

सासूबाईंनी हात पुढं केला. सुनेचं बोट अंगठ्यापासून निघालं, दुकानातून आत आलं, कोठीपाशी थबकलं. सासूबाईंनी तिचं बोट धरून जरा डावीकडे सरकवलं.

‘भिंत एवढी नको उतरवायला. ओट्याच्या कडेला आधार राहू दे, तिला डबे ठेवायला लागेल.’

सुनेनं रेघ खोडून नवी मारली. दवाखान्यात फोन करून आज उशीर होईल म्हणून कळवलं. कागद गुंडाळून पिशवीत ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि दार हलकेच ओढून घेऊन ती शिंप्याच्या घराकडे चालू लागली.